कोऱ्या कागदापासून काळ्या कोटापर्यंत

मीरा रोड पूर्वेच्या हाटकेशमधून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

८ मार्च २०२५ ला, महिला दिनाच्याच दिवशी, आमच्या हाटकेशमध्ये न्यायालय सुरू झालं. दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही. उद्घाटनाला सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती अभय ओक आले होते. ते मूळचे ठाण्याचे. त्यांनी वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातच केली होती. तुम्ही म्हणाल, शहरात एक इमारत उघडली, त्याचं आम्हा गावच्या बायकांना काय? तर त्याआधी मीरा-भाईंदरच्या बाईला तारखेला ठाणं गाठावं लागायचं. मीरा रोडहून ठाण्याला थेट लोकल नाही. एकतर घोडबंदर रोडने बस, नाहीतर दादरला उतरून दुसरी गाडी. वकिलाने "आज काम होणार नाही, पुढची तारीख घ्या" म्हटलं, की त्या दिवसाची मजुरी गेली, पोरं शेजारणीकडे ठेवलेली ती वेगळीच. तालुक्याच्या कोर्टात हेलपाटे घातलेल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

आता कोर्ट जवळ आलं, तशा रस्त्याने जाणाऱ्या काळ्या कोटातल्या मुली दिसायला लागल्या. मग गटाच्या बैठकीत विषय निघाला. आपल्या मुलींना हे जमेल का? किती वर्षं लागतात? आणि वकील होऊन करायचं काय, कोर्टाच्या दारात खुर्ची टाकून बसायचं का? उत्तरं शोधता शोधता आम्ही फार मागे गेलो, थेट नाशिकला. आज तेच सांगायचं आहे.

नाशिकला १८६६ साली एक मुलगी जन्मली. कॉर्नेलिया सोराबजी. वडील पारशी घरातले, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायची. कॉर्नेलियाने पुढे आपलं आत्मचरित्र लिहिलं. त्यात लहानपणची एक गोष्ट आहे. तिच्या आईकडे काठेवाडची एक बाई मदत मागायला आली होती. पैसाअडका, जमीनजुमला असलेली. पण घराबाहेर न पडणारी. सगळा कारभार एका विश्वासातल्या माणसाकडे. त्या माणसाने कोऱ्या कागदावर तिची सही घेतली आणि नंतर वर मजकूर लिहून सगळी मालमत्ता आपल्या नावावर करून घेतली. ती बाई निघून गेल्यावर आईने लेकीला सांगितलं की अशा अडलेल्या बायका पुष्कळ आहेत, त्यांच्या मदतीला जायचं असेल तर मोठेपणी कायदा शिकायला माग.

गटात ही गोष्ट सांगितली तेव्हा थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग एकीने विचारलं, "म्हणजे हक्कसोडच ना?" हक्कसोड आपल्याकडे कशी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाप गेला की भाऊ येतो. "ताई, वारसाची नोंद लावायचीय, एक सही लागेल." बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. कधी कागद वाचून, बहुतेक वेळा न वाचता. त्या काठेवाडच्या बाईची जमीन मोठी होती आणि आपली चार गुंठे, एवढाच काय तो फरक.

कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली. वर्गात सगळी मुलं, ही एकटी मुलगी. मुंबई विद्यापीठाची ती पहिली महिला पदवीधर. परीक्षेत ती इतकी वर आली की इंग्लंडला पुढे शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, कारण ती मुलगी होती. मग काही काळ तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवलं. पुढे इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली. आजारी सैनिकांची सेवा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीही त्यात मदत केली. अशी ती १८८९ साली ऑक्सफर्डला गेली.

इथे जरा थांबतो, कारण त्याच वर्षी आणखी एक मराठी बाई बोटीने लंडनला निघाली होती. रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. पहिल्या न्यायाधीशांनी निकाल तिच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला आणि १८८७ साली हुकूम झाला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई डॉक्टर झाली. त्या सगळ्या वर्षांत न्यायाधीश पुरुष, दोन्हीकडचे वकील पुरुष, आणि खटला एका बाईच्या शरीराचा आणि आयुष्याचा. कोर्टात तिची बाजू मांडायला एकही बाई उभी राहू शकत नव्हती. तसा नियमच होता.

हा नियम किती चिवट होता ते कॉर्नेलियाच्या पुढच्या तीस वर्षांत दिसतं. १८९२ साली ती ऑक्सफर्डला कायद्याच्या मोठ्या परीक्षेला बसली. तिथे या परीक्षेला बसलेली ती पहिली बाई. पास झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. तिने भारतात येऊन १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएलबीची परीक्षा दिली, १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. तरी सनद नाही. एवढा अभ्यास कोणत्या पुरुषाने केला असता, तर त्याच्या दारात अशिलांची रांग लागली असती.

पण हुशार माणूस फट शोधतो. फौजदारी कायद्यात तेव्हा एक सोय होती. न्यायाधीशांनी परवानगी दिली तर आरोपीच्या वतीने वकील नसलेली व्यक्तीही बोलू शकत असे. त्या आधारावर १८९६ साली कॉर्नेलिया पुण्याच्या कोर्टात एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या बाजूने उभी राहिली. वकील म्हणून नव्हे, "व्यक्ती" म्हणून. गंमत बघा, पुढे कलकत्त्याच्या रेजिना गुहाने १९१६ साली आणि पाटण्याच्या सुधांशुबाला हाजराने १९२१ साली सनद मागितली, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयांनी सांगितलं की वकिलीच्या कायद्यातल्या "व्यक्ती" या शब्दात बाई बसत नाही.

मग कॉर्नेलियाने काय केलं? १९०४ साली ती सरकारी नोकरीत लागली. संस्थानांतल्या आणि जमीनदार घराण्यांतल्या पडद्यातल्या विधवा आणि अज्ञान वारस यांच्या मालमत्तेची देखरेख सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे असे. त्या बायकांना परपुरुष वकिलाशी बोलता येत नसे, आणि घरातले कारभारी सांगतील ते खरं मानावं लागे. कॉर्नेलिया पालखीतून, बोटीतून, मिळेल त्या वाहनाने त्यांच्यापर्यंत पोचली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम एवढा तिचा मुलूख. सहाशेहून जास्त बायका-मुलांची कामं तिने केली. नाव वकील नव्हतं, काम सगळं वकिलाचं होतं. तिचं सगळंच आम्हाला पटतं असं नाही. इंग्रजांच्या राज्यावर तिची श्रद्धा होती आणि गांधीजींच्या चळवळीला तिचा विरोध होता. पण आईने सांगितलेलं काम ती विसरली नाही.

शेवटी १९२३ साली कायदा झाला, की केवळ बाई आहे म्हणून कुणालाही वकिलीला नालायक ठरवता येणार नाही. ऑक्सफर्डनेही १९२० साली बायकांना पदव्या देणं सुरू केलं होतं, आणि कॉर्नेलियाने आपली पदवी १९२२ साली घेतली. परीक्षा दिल्यापासून तीस वर्षांनी. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात ती वकील म्हणून उभी राहिली तेव्हा साठीच्या जवळ आली होती.

मुंबईच्या उच्च न्यायालयात पहिली बाई उभी राहिली ती १९२४ साली. मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम. तिची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. १९१९ साली ती आईबरोबर लंडनला गेली ती शिकायला नव्हे, तर भारतातल्या बायकांना मताचा हक्क द्या हे तिथल्या पार्लमेंटच्या समितीपुढे सांगायला. आई हेराबाई आणि लेक मिठन, दोघी. तिथेच राहून तिने शिक्षण घेतलं आणि १९२३ साली बॅरिस्टर झाली. मुंबईत पहिलं काम कसं मिळालं ते तिनेच लिहून ठेवलंय. एक अशील आला. त्याची बाजू पक्की होती, जिंकणारच होता. त्याला एवढंच हवं होतं की प्रतिपक्षाला बाईकडून हरल्याची नामुष्की यावी. असं पहिलं काम! तिने ते घेतलं. पुढे ती मुंबईच्या कायदा महाविद्यालयात कितीतरी वर्षं शिकवत होती, पारशी समाजाच्या लग्नाच्या १९३६ च्या कायद्याच्या कामात होती, आणि १९४७ साली मुंबईची पहिली महिला शेरीफ झाली.

ज्या कॉलेजात मिठनबाई शिकवत, ते १८५५ सालचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, मुंबईत चर्चगेटजवळ. त्याच कॉलेजात डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राध्यापक होते आणि १९३५ पासून प्राचार्य. बाबासाहेबांचा विषय निघाला की आपण संविधान म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण कायदा शिकून माणूस कुठे पोचतो याचं उत्तर शोधताना आम्हाला त्यांच्या आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक, १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी या विधेयकाच्या बाजूने ते बोलले. दुसरी, कायदामंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिल आणलं. बायकोला घटस्फोटाचा हक्क, मुलीला वारसाहक्क. ते रखडलं, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याचं हे एक मोठं कारण होतं. नंतर तुकड्या-तुकड्यांनी १९५५ आणि १९५६ साली ते कायदे झाले.

हा धागा थेट आपल्या सातबाऱ्यापर्यंत येतो. १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्माने हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलीला दिला, पण त्यात एक मेख होती. हा कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. म्हणजे एकाच घरात धाकटीला हक्क आणि थोरलीला नाही. २००५ साली देशाचा कायदा बदलला आणि ही अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मानेच आहे, २००५ ला बाप हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही. आता हे सगळं कुणाला माहीत असतं? भावाला थोडं, तलाठ्याला बरंचसं, आणि जिचा हक्क तिला बहुधा नाहीच. म्हणून आम्हाला वाटतं, प्रत्येक गावात निदान एक बाई अशी हवी जिला हा कागद वाचता येतो. तिने कोट घातला नाही तरी चालेल.

कोट न घालता केलेल्या कामाची एक मोठी गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. मुलीचं नाव आम्ही इथे घेत नाही. नागपूरला उच्च न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, अशी कारणं होती. १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. त्यांच्याकडे ना मोर्चा होता, ना खटल्याचं वकीलपत्र. फक्त निकाल वाचायची ताकद होती. गप्प राहणं आणि संमती देणं यात फरक आहे, हे त्यांनी मुद्देसूद लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. वसुधाताईंनी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या आदिवासी भागातही काम केलं होतं. चार माणसांच्या एका पत्राने एवढं होतं, यावर आमच्या गटात एकीचा विश्वासच बसेना.

आणि न्यायाधीश? मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झालं. पहिली बाई तिथे न्यायमूर्ती झाली ती १९७८ साली, सुजाता मनोहर. हिशेब करा, एकशे सोळा वर्षं. १९९४ साली त्याच न्यायालयाच्या त्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ साली कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा विशाखा निकाल दिला, त्या तीन न्यायमूर्तींत त्या होत्या. तो खटला उभा राहिला राजस्थानच्या भंवरी देवीमुळे. ती गावात काम करणारी सरकारची कार्यकर्ती होती. आपल्यातलीच म्हणा. आज अंगणवाडी सेविकेपासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्यांना तक्रार करायला समिती आहे, ती त्या निकालातून आणि पुढे २०१३ च्या कायद्यातून.

आता मुलींच्या आणि आपल्याही कामाचं. बारावीनंतर एलएलबी पाच वर्षांची, पदवीनंतर तीन वर्षांची. महाराष्ट्रात दोन्हींसाठी सीईटी द्यावी लागते, ती मराठीतूनही देता येते. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीत खुल्या वर्गासाठी ४५ टक्के लागतात, राखीव वर्गांना सूट आहे. पदवी कोणतीही चालते, आमच्यासारखी बीएसुद्धा. एक सावधगिरीची गोष्ट. घरबसल्या, पत्राद्वारे एलएलबी करून देतो म्हणणारे भेटतात. अशा पदवीवर सनद मिळत नाही. कॉलेजात हजेरी लागते. पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचं आणि अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची. नोंदणीच्या नावाखाली राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, म्हणजे ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. हा निकाल मागायला गेलेलेही वकीलच होते, हे विशेष.

पुढे काय, तर काळा कोट घालून स्वतंत्र वकिली ही एक वाट, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यात पैसा कमी, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली फायली उचलाव्या लागतात. न्यायाधीश व्हायचं असेल तर एमपीएससीची परीक्षा. त्यासाठी आधी तीन वर्षं वकिली हवी, असं मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ठरवलं. सरकारी वकील, बँकेत किंवा महामंडळात विधी अधिकारी, कायदा शिकवणं, कामगार कायद्याचं काम. खेड्यातल्या मुलीला तालुक्याचं कोर्ट फार परकं नाही, कारण खालच्या न्यायालयांत मराठी चालते, आणि साक्षीदार "बांधावरून वाद" म्हणाला की तिला बांध म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

जिला आता एलएलबी करणं शक्य नाही, तिच्यासाठीही दार आहे. तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक नेमले जातात. त्यासाठी वकील असावं लागत नाही, आणि बचत गटाच्या बायकाही होऊ शकतात. आणखी एक, हे प्रत्येकीने लिहून ठेवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला सरकारकडून मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन नंबर १५१००. घरातल्या मारहाणीची तक्रार असेल तर २००५ च्या कायद्याखाली ती जवळच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाते. आमच्याकडे त्यासाठी आता हाटकेशच्या बाहेर जावं लागत नाही.

पुढच्या महिन्याच्या भागात आम्ही एक हक्कसोड पत्र ओळ न ओळ वाचणार आहोत. कोणत्या शब्दाने किती हक्क जातो, कशाला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते, तेवढंच. तुमच्या पेटीत जुनी प्रत असेल तर गावाची आणि माणसांची नावं झाकून तिची झेरॉक्स गटाच्या ताईंकडे द्या. सही तुमची असो, आईची असो की आजीची. अंगठा असेल तरी चालेल.